समुद्राकडे पाठ

भूल देताना पेशंटशी काय बोलायचं, हे मला कुठल्याही परीक्षेत कुणी विचारलं नाही. ते मी सरांकडून उचललं. कार्डिफच्या एका हॉस्पिटलात ते भूलतज्ज्ञ होते, कन्सल्टंट, आणि मी त्यांच्या हाताखाली रजिस्ट्रार, म्हणजे अजून शिकणारी डॉक्टर. पेशंट टेबलावर आडवा झाला, हातात सुई गेली, की आम्ही बाकीची मंडळी "आता काहीतरी छान आठवा हं" असलं काहीतरी पुटपुटतो. सर विचारायचे, "तुमच्या गावात ब्रेड कुणाकडचा चांगला?"

पोट कापायची वेळ आलेल्या माणसाला हा प्रश्न अपेक्षित नसतो. तो आधी गोंधळायचा. मग त्याच्यातला गावाचा अभिमान जागा व्हायचा. आमचे बरेचसे पेशंट व्हॅलीजमधले, कोळशाच्या खाणी बंद पडलेल्या छोट्या गावांतले. "वेल, डॉक, चॅपलच्या पुढे गेलात ना, की..." एवढं म्हणेपर्यंत औषध भिनायचं आणि बेकरी अर्धीच राहायची. सर मात्र विसरायचे नाहीत. ऑपरेशन संपून पेशंटने रिकव्हरीत डोळे उघडले की वर सरांचा चेहरा. "चॅपलच्या पुढे डावीकडे की उजवीकडे?" ट्रेडीगरच्या एका आजींनी पित्ताशय निघालं की नाही हे विचारायच्याही आधी "लेफ्ट, लव्ह" असं उत्तर दिल्याचं मी या कानांनी ऐकलंय.

आणि येत्या शनिवारी सर आणि त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या काकू, ट्रेडीगरला, चॅपलच्या पुढे डावीकडे हजर. सोमवारी सर वॉर्डात जाऊन आजींना रीतसर निकाल सांगणार. "वेल्श केक उत्तम आहेत. ब्रेडमध्ये मात्र मीठ कमी." आजींचा ताप त्या दिवशी थोडा चढला होता, पण त्याचं कारण दुसरं असावं.

लोकांना झोपवणं हा ज्यांचा धंदा, त्यांना स्वतःला एका जागी दहा मिनिटं बसता येत नसे. अंगाने बुटके, रुंद, रंगाने चांगले सावळे. अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, कडक इस्त्रीची काळी पँट, पॉलिश केलेले काळे बूट आणि काळी छत्री. हॉस्पिटलात हेच, मंडळाच्या गणपतीत हेच आणि सहलीलाही हेच. मूळचे नगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावचे. जगात तालुक्याची गावं तेवढी खरी, बाकी राजधान्या, किल्ले आणि समुद्रकिनारे वाटेत लागतात, अशी त्यांची ठाम समजूत होती.

आमच्या मराठी मंडळाची एकदा टेंबीला सहल गेली होती. कोच भरून माणसं, कोथिंबीर वड्यांचे डबे, बॅडमिंटनच्या रॅकेटी. किनाऱ्यावर पोचल्यावर सगळ्यांनी समुद्राकडे तोंड करून "वा!" म्हटलं. सर समुद्राकडे पाठ करून उभे होते आणि ड्रायव्हरला विचारत होते, "याच्या मागे कुठलं गाव लागतं?" अर्ध्या तासाच्या आत ते आणि काकू नारबर्थच्या बसमध्ये. काकूंनी मागच्या काचेतून आम्हाला हात केला. त्यांच्या पायांत वाळूत चालायसाठी मुद्दाम घेतलेल्या नव्या सँडल होत्या.

काकू सोलापूरच्या. बोलायच्या कमी, पण जे बोलायच्या ते लागायचं. मंडळात कुणीतरी सहज म्हणालं, "काकू, तुमचं किती फिरणं होतं हो!" त्यावर काकू म्हणाल्या, "हो ना. स्पेनचा समुद्र बघितला, ग्रीसचा बघितला, ट्युनिशियाचा बघितला. सगळे बसच्या मागच्या काचेतून." सरांना यात टोमणा आहे असं वाटलंच नाही. ते म्हणाले, "ट्युनिशियातली बस फार चांगली होती."

मेक्सिकोची कल्पना काकूंची. ही दोन हजार पाच-सहाच्या सुमाराची गोष्ट. काकूंचे दोन्ही गुडघे कामातून गेले होते. बदलायचं ठरलं होतं, फक्त नंबर लागायचा होता. त्याआधी त्यांना एकदा समुद्रात उभं राहायचं होतं. पोहायचं नव्हतं, नुसतं उभं राहायचं. "आमच्या सोलापुरात पाणी नळाला आलं तरी आम्ही टाळ्या वाजवायचो. एकदा तरी मला पाय भिजवू दे की गं," असं त्या मला म्हणाल्या, आणि ते ऐकून मला सरांचा चक्क राग आला.

एक दिवस त्या ट्रॅव्हल एजंटकडचं जाडजूड ब्रोशर घेऊन माझ्या घरी आल्या. एका पानावर निळाशार समुद्र, पांढरी वाळू, मधे हॉटेल आणि हॉटेलच्या मागे नजर जाईल तिथवर हिरवं जंगल.

"नीट बघ," काकू म्हणाल्या. "गाव दिसतंय का कुठे?"

मी फोटो एक्स-रेसारखा उजेडात धरला. "नाही काकू."

"बसस्टॉप?"

"नाही."

"मग हेच," म्हणून त्यांनी पानाचा कोपरा दुमडला. सोबत म्हणून मला आणि माझ्या नवऱ्यालाही चला म्हणाल्या. आम्हाला दोघांनाही रजा होती आणि कार्डिफमध्ये पाऊस होता, त्यामुळे आम्ही फार आढेवेढे घेतले नाहीत. निघायच्या आधी काकूंनी सरांसाठी सिटी सेंटरमधून एक शर्ट आणला. गर्द निळा आणि त्यावर हाताच्या पंजाएवढी लाल-पिवळी फुलं. सरांनी तो बघून "कुणासाठी?" असं विचारलं.

हॉटेल ऑल-इन्क्लुसिव्ह प्रकारातलं. मनगटाला एक पट्टी बांधतात, ती असली की दिवसभर खा, प्या, लोळा. माझ्या नवऱ्याने ते इतकं मनावर घेतलं की पुढचा आठवडा तो मला फक्त बुफेच्या आसपास भेटला. सर पहिल्या दिवशी सकाळी पूलच्या काठी येऊन उभे राहिले. पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, काळी पँट, काळे बूट. मनगटावरची पट्टी घड्याळाच्या रुंद पट्ट्याखाली गेलेली. मी लांबून बघितलं, तर पूलच्या काठी असे आणखी सहाजण उभे होते आणि त्यांच्या हातात ट्रे होते.

"एक्सक्यूज मी, लव्ह," आडव्या पडलेल्या एका गोऱ्या बाईंनी सरांना हाक मारली, "टू टॉवेल्स, प्लीज."

आता इथे दुसरा कुणी असता तर त्याने आपण कन्सल्टंट असल्याचं सांगितलं असतं. निदान भुवया तरी वर केल्या असत्या. सरांनी इकडेतिकडे बघितलं, टॉवेलांची थप्पी कुठे आहे ते हेरलं आणि दोन टॉवेल आणून दिले. मग त्या बाईंच्या नवऱ्याला बिअर, शेजारच्या म्हातारीला बर्फ. दुपारपर्यंत सरांची स्वतःची गिऱ्हाइकं तयार झाली होती. माझा नवरा एका हातात प्लेट घेऊन चालला होता, त्याला सर ट्रे नेताना दिसले.

"सर, हे काय करताय तुम्ही?"

"अरे, तिची पाठ धरलीय. तिला कशाला उठवायचं? विगनजवळच्या एका गावाची आहे. शुक्रवारी बाजार असतो म्हणाली."

काकू लांब छत्रीखाली बसल्या होत्या. फुलांचा शर्ट त्यांनी पिशवीतून काढून शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर पसरून ठेवला होता.

खऱ्या वेटरांना हा नवा माणूस आधी खटकला, मग त्यांनी त्याला आपल्यात घेतलं. आणि तिथेच काकूंचा घात झाला. हे वेटर रोज कुठून येतात, असा प्रश्न सरांना पडणारच. ते येत होते जंगलापलीकडच्या गावांतून. हॉटेलच्या फाटकाबाहेर हमरस्त्यावर पांढऱ्या व्हॅन यायच्या, हात केला की थांबायच्या आणि माणसं कोंबून सुटायच्या. सर संध्याकाळी धावतच आमच्या टेबलाशी आले. तीस वर्षांनी भाऊ भेटल्यासारखा चेहरा.

"अगं, इथे वडाप आहे! अगदी आपल्या नगरसारखं वडाप!"

काकूंनी हातातला चमचा खाली ठेवला. "जंगलात गाव निघालं का?"

"एक? चिक्कार गावं आहेत!"

पुढचे तीन दिवस काकूंनी मेक्सिको बघितला तो वडापमधून. पहाटे उठायचं, बुफेतले ब्रेड रोल डब्यात भरायचे आणि निघायचं. त्यांच्याबरोबर एकदा मीही गेले. सगळ्या गावांची ठेवण एकसारखी, मधे चौक, एका बाजूला भलंमोठं जुनं चर्च, झाडांखाली बाकं, बाजूला बाजार. सर गावात शिरले की पहिला तास नुसते चालायचे. गल्ली न् गल्ली. पंक्चरवाला कुठे, दवाखाना कुठे, पोळ्यांसारख्या मक्याच्या टॉर्टिया कोण लाटतं, बस कुठून सुटते. काकू चौकातल्या बाकावर गुडघे चोळत बसायच्या. तिकडच्या बायका गळ्याभोवती फुलांचं भरतकाम केलेले पांढरे झगे घालतात. त्यातल्या एकदोघींनी काकूंच्या गुडघ्यांकडे बघून सहानुभूतीने स्वतःचेही गुडघे दाखवले. काकूंच्या सहलीचा आनंद तेवढाच.

सुट्टीचे दोन दिवस उरले असताना काकू सकाळी नाश्त्याला आल्या आणि म्हणाल्या, "आज मी येणार नाही."

सरांना कळेना. "बरं वाटत नाहीये का?"

"उत्तम वाटतंय. आज मी समुद्रात उतरणार आहे. तुम्हाला गावाला जायचं असेल तर जाऊन या, मी अडवत नाही. पण ऊन उतरायच्या आत परत यायचं. एकटीला मला भीती वाटते, लाटेने पाय सरकला तर हे गुडघे काही मला सावरायचे नाहीत." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तू जा त्यांच्याबरोबर आणि वेळेत आण."

मी म्हटलं, "काकू, त्यापेक्षा मी थांबते ना. मी धरते तुमचा हात."

"तुझा हात धरायला मी इतक्या लांब नाही आले गं."

सरांनी मान डोलावली. "दुपारी हजर," ते म्हणाले, आणि ते अगदी मनापासून म्हणाले. सर कधीच खोटं बोलले नाहीत. त्यांना फक्त गावात शिरल्यावर बाकी जगाचा विसर पडायचा.

त्या दिवशी आम्ही चेमाश नावाच्या गावी गेलो. सर तासभर चालले आणि मग छत्री उघडून चौकात उभे राहिले. तेव्हा मला जे दिसलं ते आधीच्या खेपेला माझ्या लक्षात आलं नव्हतं. तिथली माणसं बुटकी, रुंद, सावळी. पांढरे शर्ट, काळ्या पँटा. सर त्यांच्यात असे मिसळले होते की छत्री नसती तर मलाच सापडले नसते. एक माणूस तीन चाकी सायकल ढकलत आला, सरांपाशी थांबला आणि स्पॅनिशमध्ये काहीतरी विचारू लागला. सरांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग छत्रीचं टोक चर्चच्या दिशेने करून म्हणाले, "देरेचो, देरेचो." म्हणजे सरळ. सरांना स्पॅनिशमधले चारच शब्द येत, सरळ, डावीकडे, उजवीकडे आणि धन्यवाद. माणूस आभार मानून गेला.

"सर, त्याने काय विचारलं?"

"कुणास ठाऊक."

"मग तुम्ही सांगितलंत काय?"

"अगं, सायकल पंक्चर झालीय त्याची. पंक्चरवाला चर्चच्या मागे आहे." आणि छत्री पुन्हा डोक्यावर घेऊन पुढच्या गिऱ्हाइकाची वाट बघू लागले.

पुढचं गिऱ्हाईक म्हणजे एक म्हातारी. दोन्ही हातांत मावेना असं झाकणाचं पातेलं घेऊन आली होती. तिने लांबलचक प्रश्न विचारला. सर क्षणभरही अडले नाहीत. सकाळी एका गल्लीत त्यांनी मांडव बघितला होता. एवढं मोठं पातेलं घेऊन म्हातारी मांडवाकडे नाही तर कुठे जाणार? "देरेचो," म्हणाले, आणि पातेल्याचा एक कान स्वतः धरून चालूच लागले. मी मागे छत्री घेऊन.

म्हातारी खरोखरच तिकडेच निघाली होती. अंगणात लग्नाचं जेवण. आम्हाला पातेल्यासकट आत घेतलं गेलं. मुलीकडच्यांना वाटलं आम्ही मुलाकडचे, मुलाकडच्यांना वाटलं मुलीकडचे, हे तर आपल्याकडे कुठल्याही कार्यालयात होतं. खुर्च्या दिल्या, समोर ताटल्या ठेवल्या. सर दोन मिनिटं बसले. मग त्यांची नजर भिरभिरायला लागली. टेबलांच्या रांगा लागल्या होत्या, वाढणारे कमी होते आणि डावीकडची रांग उपाशी होती. नगर जिल्ह्यातल्या माणसाला पंगतीतली ही अवस्था बघवत नाही. सर उठले, बाह्या आधीच अर्ध्या होत्या, आणि त्यांनी म्हातारीच्या पातेल्यातला डाव हातात घेतला.

पातेल्यात काळ्या मसाल्यासारखा रस्सा होता. तो टर्कीचा होता हे अंडंसुद्धा न खाणाऱ्या सरांना मी आजतागायत सांगितलेलं नाही. ते वाढत सुटले. आणि नुसतं वाढलं नाही, आग्रह केला. एका आजोबांनी नको म्हणून ताटलीवर आडवा हात धरला. आमच्याकडे आडव्या हाताचा अर्थ "आणखी वाढा, पण मी नको म्हटलं याला साक्षीदार राहा" असा होतो. सरांनी बोटांच्या फटीतून वाढलं. आजोबा आधी दचकले, मग हसत सुटले. पुढच्या टेबलावर तर बायका मुद्दाम हात आडवे धरायला लागल्या. नवरी स्वतः उठून बघायला आली.

मी त्यांच्या मागे मागे. "सर, ऊन उतरतंय."

"हो, हो, निघूच."

"सर, काकू वाट बघताहेत."

"अगं, मधल्या रांगेला रस्सा पोचला नाहीये अजून!"

मधल्या रांगेला पोचला, मग मुलं बसली, मग वाढणारे बसले. शेवटची व्हॅन केव्हाच गेली होती. नवरीच्या का नवऱ्याच्या मामाने आम्हाला त्याच्या पिकअपमध्ये मागे बसवून किनाऱ्याकडे सोडलं. उघड्यावर, दोन रिकाम्या पातेल्यांच्या मध्ये, सर छत्री मांडीवर घेऊन बसले होते. आता त्यांना आठवण झाली होती. चेहरा पडला होता. मी रागाने फुगले होते, म्हणून मुद्दाम विचारलं, "काय मिळतं हो सर तुम्हाला या गावांत?"

त्यांनी मांडीवरच्या छत्रीची पट्टी सोडली, पुन्हा लावली. मग म्हणाले, "तुला माहितीय, मी पेशंटला त्याचं गाव का विचारतो ते?"

"ब्रेडसाठी."

"ते नंतर. नवीन होतो ना, तेव्हा पेशंट मला विचारायचा, व्हेअर आर यू फ्रॉम, डॉक? मी म्हणायचो, कार्डिफ. तो म्हणायचा, नो, बट रिअली? सुई हातात असताना रोज कोण सांगत बसणार? चांगली माणसं असतात गं, वाईट हेतू नसतो त्यांचा. पण रोज तेच, वर्षानुवर्षं. मग मी ठरवलं, त्याने विचारायच्या आत आपणच विचारायचं." पिकअप एका खड्ड्यातून गेली. सरांनी पातेलं धरलं. "इथे मला अजून कुणी विचारलं नाही, तू कुठला. सगळे रस्ता विचारतात."

माझा राग कुठच्या कुठे गेला. मला स्वतःलाही कार्डिफमध्ये तो प्रश्न आठवड्यातून दोनदा येतो. पण त्यावर उपाय म्हणून कुणी असं गावोगाव उभं राहील, हे माझ्या डोक्यातही आलं नसतं.

किनाऱ्यावर आलो तेव्हा सूर्य बुडाला होता. पाण्यात उतरायला मनाईचा लाल बावटा लागला होता आणि हॉटेलची माणसं छत्र्या मिटत होती. काकू एकट्याच खुर्चीत बसलेल्या. अंगात पंजाबी ड्रेस, ओढणी कमरेला खोचलेली, मांडीवर घडी केलेला टॉवेल. पाय कोरडे.

"जेवून आलात?" त्यांनी विचारलं.

"जेवलो नाही," सर म्हणाले. "वाढलं."

"कुणाकडे?"

सरांनी छत्री वाळूत खोचली. ते त्यांच्या शेजारी वाळूत, इस्त्रीच्या पँटसकट बसले आणि मला सांगितलेलं सगळं त्यांनी काकूंना सांगितलं. पेशंट, रिअली, रस्ता. मी तिथून जायला हवं होतं, पण गेले नाही.

काकू म्हणाल्या, "मला माहितीय ते. पहिल्या वर्षापासून माहितीय. म्हणून तर इतकी वर्षं तुमच्याबरोबर बसमध्ये चढले." मग टॉवेलची घडी आणखी एकदा घातली. "तुम्हाला सगळे रस्ता विचारतात. मला कधी कुणी विचारलंय, तुला कुठे जायचंय म्हणून?"



दुसऱ्या दिवशी, म्हणजे शेवटच्या दिवशी सकाळी मी आणि माझा नवरा किनाऱ्यावर होतो. हॉटेलच्या बाजूने एक निळा ठिपका येताना दिसला. जवळ आल्यावर त्याला लाल-पिवळी फुलं फुटली. सर! खाली तीच काळी पँट, पण गुडघ्यांपर्यंत दुमडलेली. एका हातात बूट, बुटांत मोजे, दुसऱ्या हातात काकूंचा हात. छत्री नव्हती. माझ्या नवऱ्याच्या हातातला डोसा म्हणून घेतलेला पॅनकेक खाली पडला.

दोघं पाण्यात उतरले. पहिली लाट आली तशी काकू एवढ्या मोठ्याने ओरडल्या की जीवरक्षक उठून उभा राहिला. मग हसायला लागल्या. पाणी घोट्याच्या वर, मग पोटरीपर्यंत, मग गुडघ्यांपर्यंत आलं. सर एका हाताने बूट डोक्याच्या वर धरून आणि दुसऱ्या हाताने बायकोला धरून, आयुष्यात पहिल्यांदा समुद्राकडे तोंड करून उभे होते.

आणि नेमकं त्याच वेळी मागून एक गोरा माणूस पाण्यात आला. त्याचीही चूक नव्हती. पूलवर पाहुण्यांना नाचवणारी, खेळ घेणारी जी हॉटेलची मंडळी होती, त्यांचा त्या दिवशीचा गणवेश म्हणजे निळा फुलांचा शर्ट.

"स्क्यूज मी, बट," तो सरांना म्हणाला, "बिंगो किती वाजता आहे?"

सरांना बिंगोची वेळ माहीत होती. हॉटेलातला एकही फलक त्यांनी वाचायचा सोडला नव्हता. सवयीने ते वळले, तोंड उघडलं. तेवढ्यात काकूंनी त्यांचा हात असा ओढला की बूट पाण्यात पडता पडता राहिले.

"ही इज ऑन हॉलिडे!" काकू ओरडल्या. सोलापूरच्या गळ्यात ताकद असते, पार बुफेपर्यंत ऐकू गेलं असणार. "विथ मी!"

तो माणूस ओशाळला. सॉरी, सॉरी म्हणाला. मग काहीतरी बोलायचं म्हणून त्याने तोच प्रश्न विचारला. "व्हेअर यू फ्रॉम, देन?"

"कार्डिफ," सर म्हणाले.

"गेट अवे! काय सांगता! आम्ही पॉन्टीचे!" पॉन्टी म्हणजे पॉन्टिप्रिड, कार्डिफपासून हाकेच्या अंतरावर, आणि मघाचं 'बट' म्हणजे तिकडचं 'दोस्ता'. आणि तो हात हलवत, खूश होऊन निघून गेला. रिअली वगैरे काही म्हणाला नाही.

पॉन्टिप्रिड! बाजाराचं गाव! सरांच्या ओठांवर बेकरी आलेली मला काठावरून दिसली. पण त्यांनी ती गिळली. काकूंकडे वळले आणि म्हणाले, "तुला कुठपर्यंत जायचंय?"

काकूंनी विचार केला. "कमरेपर्यंत," म्हणाल्या. ते गेले. सरांचे बूट शेवटी बुडालेच.

काकूंच्या गुडघ्याचा नंबर त्या हिवाळ्यात लागला, आमच्याच हॉस्पिटलात. भूल द्यायला एक दुसरे कन्सल्टंट आणि मी. आपल्या माणसाला आपण भूल द्यायची नसते, त्यामुळे सरांना बाहेर बसणं भाग होतं. सकाळी ते आले ते तो निळा फुलांचा शर्ट घालून. बाहेर पाऊस आणि गारठा, आणि आमच्या कॉरिडॉरमध्ये हा बगीचा. नर्स बघतच राहिल्या. शर्ट काकूंनी घालायला लावला होता. पांढऱ्यात गेलात तर कुणीतरी तुम्हाला आत ओढून नेईल, म्हणाल्या होत्या.

टेबलावर काकू आडव्या झाल्या. सुई लावून मी शिरस्त्याप्रमाणे विचारलं, "काकू, सोलापुरात ब्रेड कुणाकडचा चांगला?"

"ब्रेड गेला खड्ड्यात," काकू म्हणाल्या. डोळे जड व्हायला लागले होते. "बाहेर ते नीट बसलेत का बघ. कुणीतरी त्यांना कामाला..." आणि झोपल्या.

ऑपरेशन छान झालं. मी सांगायला वेटिंग रूममध्ये गेले. सर तिथे बसले होते. खरोखर बसले होते, दोन्ही हात मांडीवर, नजर थिएटरच्या बाजूच्या दारावर. इतक्या वर्षांत मी त्यांना असं बसलेलं बघितलं नव्हतं. मी पुढे होणार, तेवढ्यात काठी टेकत एक म्हातारे गृहस्थ त्यांच्यापुढे येऊन थांबले.

"एक्स-रे कुठल्या बाजूला, काही कल्पना?"

एक्स-रे! सरांना त्या इमारतीतला प्रत्येक जिना, प्रत्येक लिफ्ट, प्रत्येक जवळची वाट ठाऊक होती. डोळे बांधून नेलं असतं त्यांनी.

"सॉरी," सर म्हणाले, "मला माहीत नाही. मी माझ्या बायकोबरोबर आलोय."

आणि पुन्हा दाराकडे बघायला लागले.

मीच मग त्या आजोबांना एक्स-रेची दिशा दाखवली. सरांपाशी येऊन म्हटलं, "सर, झालं. काकू एकदम छान आहेत."

त्यांनी रक्तदाब विचारला नाही, किती रक्त गेलं ते विचारलं नाही. "झोपताना काही म्हणाली?"

"म्हणाल्या, बघ, कुणीतरी त्यांना कामाला लावेल."

सरांनी शर्टाची कॉलर नीट केली. "कुणी नाही लावलं," ते म्हणाले. "चल, तिला सांगायचंय, मी सुट्टीवर आहे." आणि ज्या हॉस्पिटलात त्यांनी उभी हयात काढली होती, तिथे ते माझ्या मागून, मी नेईन त्या वाटेने, मुकाट्याने चालू लागले.